धुळ्याचं सांब्र्यात चालत नाही

जामसंड्याहून बेळगावला कुठल्याही वाटेनं निघा, सह्याद्री चढल्याशिवाय सुटका नाही. मी आंबोलीची वाट धरली. नांदगावला महामार्गाला लागायचं, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी मागं टाकायची आणि दाणोलीपासून घाट चढायला घ्यायचा. मार्च महिना होता. पावसाळ्यात जिथं गाडी उभी करायला जागा मिळत नाही, त्या धबधब्याच्या जागी काळा कोरडा कातळ आणि कठड्यावर दोन माकडं. वर जाताना कानांना दडे बसत होते. आवंढा गिळला की सुटायचे, पुढच्या वळणावर पुन्हा बसायचे.

आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण ६९० मीटरवर. तिथून पुढं रस्ता फारसा उतरतच नाही. चंदगड तालुक्यातल्या काजूच्या बागा, पाटणे फाटा, शिनोळी, हिंडलगा असं करत बेळगाव शहर ओलांडलं आणि बागलकोट रस्त्यानं पूर्वेला दहाएक किलोमीटर गेलं की सांब्रा. इथला विमानतळ २,४८७ फुटांवर आहे. विमानात उंची फुटांतच मोजतात, म्हणून इथून पुढं मीही फुटांतच बोलतो. ज्या धुळ्यात मी उडायला शिकायला लागलो होतो, तिथं आम्ही जमिनीपासून हजार फुटांवर घिरट्या घालायचो तेव्हा अल्टिमीटरचा काटा एकोणीसशेच्या आसपास असायचा. म्हणजे सांब्र्याची नुसती धावपट्टी माझ्या धुळ्यातल्या आकाशापेक्षा पाच-सहाशे फूट उंच. गाडी लावली, डिकीतून बॅग काढली, आणि पूर्वी विमानात बसून जिथं असायचो त्याच्याही वर मी चप्पल घालून उभा होतो.

मी बोटीवर असतो. आमच्याकडे एवढं सांगितलं की पुरतं. सिंधुदुर्गात प्रत्येक वाडीत एक तरी बोटीवरचा असतोच. सेकंड ऑफिसर म्हणजे नकाशे, मार्ग, होकायंत्र ही माझी कामं. सुट्टीत घरी आलो की आंब्याच्या कामात दादाला माझा उपयोग शून्य, त्यामुळे एका सुट्टीत सरळ धुळ्याला जाऊन बॉम्बे फ्लाइंग क्लबात नाव घातलं. हा क्लब मूळचा मुंबईत जुहूचा, १९२८ सालचा, जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी देशातला पहिला वैमानिक परवाना मिळाला तो याच क्लबात शिकून. मुंबईचं आकाश प्रवासी विमानांनी भरून गेल्यावर क्लबाचं शिकवणं धुळ्याला गेलं, म्हणून माझ्यासारखा कोकणी माणूस खानदेशात. चांगलं चाललं होतं. एकट्यानं उडून झालं होतं. मग कंत्राट आलं, त्यापाठोपाठ २०२० साल आलं. त्या वर्षी जगभरातले सुमारे चार लाख दर्यावर्दी मुदत संपूनही बोटींवर अडकून पडले होते, त्यांतला एक मी. घरी आलो तर वडील आजारी. लॉगबुक कपाटात गेलं ते गेलं.

पुन्हा सुरू करायचं ठरवलं तेव्हा धुळे नको वाटलं. जामसंड्याहून तिकडे जाणं म्हणजे जवळजवळ अख्खा महाराष्ट्र तिरका कापणं. सांब्रा दोनशे किलोमीटरच्या आसपास. सकाळी घावणे खाऊन निघालं की दुपारच्या जेवणाला तिथं. २०२१ साली विमानतळ प्राधिकरणानं देशातल्या पाच विमानतळांवर फ्लाइंग स्कूल्सना जागा दिल्या, त्यांत महाराष्ट्रातलं जळगाव होतं आणि कर्नाटकातलं बेळगाव. गावात हे समजावताना मात्र नाकी नऊ आले. "चिपीक इमानतळ आसा मा? मगे बेळगावाक कित्याक जातंस?" हा प्रश्न बाजारात भेटेल त्याचा. चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला, परुळ्याच्या सड्यावर अडीच हजार मीटरची धावपट्टी आहे, सगळं खरं. पण तिथं विमानात बसता येतं, चालवायला शिकता येत नाही. "म्हणजे एस्टीत बसणा येगळा नि एस्टी शिकणा येगळा," असं शेवटी आमच्या वाण्यानंच गिऱ्हाइकांना समजावून दिलं आणि विषय मिटला.

कागदपत्रांचं रामायण सांगत नाही. वैद्यकीय तपासणी, शिकाऊ परवाना, जुन्या तासांचे दाखले, विमानतळात शिरायचा पास. ज्याला करायचंय त्याला ते करावंच लागतं आणि ज्याला करायचं नाही त्याला ऐकण्यात रस नाही. खासगी परवान्याला किमान चाळीस तासांचं उड्डाण लागतं. त्यात दहा तास एकट्यानं, आणि त्यांतले पाच लांबच्या प्रवासाचे; एक फेरी निदान दीडशे सागरी मैलांची, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून थांबायचं. माझे निम्म्याहून अधिक तास झाले होते. उरलेलं सगळं अवघड.

सांब्रा गाव विमानतळाला लागूनच. तिथल्या एका काकूंच्या घरी वरची खोली मिळाली. घरात मराठी, दुकानात कन्नड, टीव्हीवर हिंदी. काकूंचं मराठी खास बेळगावी: "काय वो, आज वर गेलासा काय?" हा त्यांचा संध्याकाळचा प्रश्न, आणि गेलो नसेन तर "वारं हाय नव्हे," हे उत्तरही त्याच द्यायच्या. विमानांचं त्यांना काडीचं अप्रूप नाही. त्यांच्या सासऱ्यांच्या लहानपणापासून ती डोक्यावरून जात आलीत. १९४२ साली, महायुद्धात, इंग्रजांच्या हवाई दलानं इथं तळ केला; ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जाणाऱ्यांचं शिक्षण इथं चालायचं. आजही शेजारी भारतीय हवाई दलाची एअरमेन ट्रेनिंग स्कूल आहे, अग्निवीर वायू म्हणून भरती झालेली पोरं इथंच शिकतात. गावातल्या न्हाव्याच्या खुर्चीत त्यांची रांग असते. मीही शिकाऊच, पण चाळिशीतला, केसही विरळ. न्हाव्यानं मला कोणत्या खात्यात धरलं असेल देव जाणे.

पहिल्या दिवशी विमानाला हात लावायला मिळाला नाही. शिकवणाऱ्या सरांनी समोर बसवलं, लॉगबुक चाळलं आणि विचारलं, "धुळ्याला बेसला कुठं वळायचात?"

विमानतळाभोवतीची घिरटी चौकोनी असते. धावपट्टीला समांतर उलट दिशेनं जायचं तो डाऊनविंड, मग काटकोनात वळायचं तो बेस, मग पुन्हा वळून पट्टीसमोर यायचं तो फायनल. कुठं वळायचं हे चुकलं की पुढचं सगळं चुकत जातं. मी लगेच सांगितलं: नकाणे तलावाचं पाणी पंखाखालून अमुक इतकं मागं गेलं की पॉवर कमी करायची, मग वळायचं. लळिंगचा डोंगर कुठं दिसला पाहिजे तेही सांगितलं. वर्षं लोटली तरी सगळं तोंडपाठ होतं, याचा थोडा अभिमानही आवाजात असणार.

सर म्हणाले, "बरं. इथं नकाणे तलाव नाही."

मग त्यांनी कागदावर पट्टी काढली, दोन टोकांना ०८ आणि २६ असे दिशेचे आकडे टाकले. "तुम्हाला विमान किती येतं ते मला बघायचंय. धुळं येतं ते कळलं."

हे वाक्य त्या दिवशी मला जरा लागलं. रात्री खोलीत पडल्यावर मात्र पटलं. मी ज्याला उडणं समजत होतो, त्यातलं किती खरोखर उडणं होतं आणि किती नुसती धुळ्याची ओळख? तलाव दिसला की हात आपोआप थ्रॉटलकडे जायचा. तो हात विमानाचा कोन बघत नव्हता, वेग बघत नव्हता. तो तलाव बघत होता.

बोटीवरच्या माणसाला हे खरं तर आधीच कळायला हवं. जहाज परक्या बंदरात शिरतं तेव्हा तिथला एक माणूस छोट्या होडीतून येतो, दोरीच्या शिडीवरून वर चढतो आणि कप्तानाशेजारी उभा राहून जहाज आत घेतो. कप्तान तीस वर्षं समुद्रावर असेल, पण वाळूची दांडी यंदा कुठं सरकलीय, ओहोटीला ओढ कुठल्या अंगाला असते, हे त्याला ठाऊक नसतं आणि ठाऊक असल्याचा आवही तो आणत नाही. देवगडच्या खाडीच्या तोंडातून ट्रॉलर आत घेणारा आमचा तांडेलही तसाच. त्याला नकाशा दाखवलात तर तो हसेल, आणि त्याला मालवणच्या खडकांत सोडलंत तर तो आधी तिथल्या कुणाला तरी हाक मारेल. विमानात मात्र शिडीवरून वर येणारं कुणी नाही. एकट्यानं उडणाऱ्यानं परक्या पट्टीवर स्वतःच उतरायचं, नकाशा आणि डोळे यांच्या जोरावर. म्हणून मग आधी सरांसोबत.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर. विमान सेसना १७२. १९५५ पासून उडणारं, जगात सर्वांत जास्त बनलेलं विमान, धुळ्यालाही मी याच जातीचं चालवलेलं. एवढी एक ओळख शिल्लक होती. उड्डाणाआधी भोवती फिरून तपासणी करायची. पंखाखालच्या निचऱ्यातून पारदर्शक पेल्यात थोडं इंधन काढायचं आणि उजेडात धरून बघायचं. आमच्या इंधनाला, अ‍ॅव्हगॅसला, मुद्दाम फिकट निळा रंग दिलेला असतो, म्हणजे दुसरं काही भरलं गेलं तर रंगावरून कळावं. पाणी शिरलं असेल तर ते जड म्हणून तळाशी वेगळं, बिनरंगाचं, गोल होऊन बसतं. हे इंधन पूर्वी सगळं बाहेरून यायचं. इंडियन ऑइलनं २०२२ मध्ये बडोद्याच्या रिफायनरीत बनवायला घेतलं. पेला तिरका करून मी निळं पाणी बघत राहिलो. सर म्हणाले, "धुळ्याचंच आहे ते, ओळखीचं. चला."

टॉवरशी बोलणं हे इथलं दुसरं नवेपण. धुळ्यात आकाशात आम्हीच होतो, रेडिओवर आवाज ओळखीचे. सांब्र्यात प्रवासी विमानं येतात. पट्टीच्या तोंडाशी आम्हाला थांबवून ठेवलं, कारण एक जेट फायनलवर होतं. ते आलं, चाकांखालून धूर निघाला, पट्टीच्या दुसऱ्या टोकाकडे गेलं, आणि मग आम्हाला आणखी थोडं थांबायचा हुकूम झाला, कारण मोठ्या विमानामागं हवा घुसळलेली राहते आणि आमच्यासारख्याला ती उलटं करू शकते. या सगळ्या वेळात मीटर चालू. फ्लाइंग स्कूलचा मीटर रिक्षासारखाच, इंजिन चालू असलं की पळतो, विमान हललं काय नि न हललं काय.

मग पट्टी आमची. इंजिन पूर्ण सोडलं आणि वाट बघितली. खरंच वाट बघावी लागली. उंचावर हवा विरळ, तापली की आणखी विरळ. २,४८७ फुटांवर प्रमाण तापमान दहा अंश धरतात. त्याच्यावर चढणाऱ्या प्रत्येक अंशामागं विमानाला आपण साधारण १२० फूट आणखी वर असल्यासारखं वाटतं. दुपारी ३४ अंश झाले की सांब्र्याची धावपट्टी विमानाच्या हिशेबात ५,४०० फुटांवर जाते. सकाळी तेवढं नव्हतं, तरी धुळ्याच्या सवयीनं ज्या क्षणी नाक उचलायला हात शिवशिवला, तेव्हा वेगाचा काटा अजून खूप मागं होता. पट्टी २,३०० मीटरची, घाई कशाचीच नाही. सर हाताची घडी घालून बसले होते. काटा पंचावन्नवर आला, नाक उचललं, जमीन सुटली.

पट्टी २६ वरून उडालं की तोंड पश्चिमेला, बेळगाव शहराकडे. डावीकडे पहिलं वळण घेतलं तर काचेत समोर पांढरीशुभ्र सुवर्ण विधानसौध. ही २०१२ साली उभी राहिलेली इमारत सीमाभागातल्या मराठी माणसाला कशी दिसते ते काकूंच्या घरी मी ऐकलेलं होतं, आणि तिथं ऐकलेलं इथं लिहायचं तर दुसरा लेख होईल. विमानातून ती उपयोगी आहे. एवढी पांढरी, एवढी मोठी वस्तू पंचक्रोशीत दुसरी नाही; रस्ता चुकलेल्याला बेळगावची दक्षिण बाजू तिच्यावरून कळते. दुसरी खूण बागलकोट रस्ता. तिसरी मिरजेकडे जाणारा लोहमार्ग, सांब्रे आणि सुळेभावी या स्थानकांना शिवत जाणारा. मी भराभर खुणा गोळा करायला लागलो, आणि सरांना ते कळलं.

"खुणा घ्या. पण वळणार कशावर?"

"पट्टीवर."

"दाखवा."

पट्टीचं टोक पंखाच्या मागं पंचेचाळीस अंशांत गेलं की वळायचं. तलाव असो वा नसो, विधानसौध असो वा नसो, हा कोन जगात कुठंही तोच. शिकवलं होतं धुळ्यातही. पण तलाव एवढा सोयीचा होता की कोन बघायची गरजच पडली नव्हती. मान मागं वळवून टोक शोधलं, थांबलो, वळलो. वारा पश्चिमेचा, बेसवर तो बाजूनं लागतो आणि पट्टीपासून दूर ढकलतो, म्हणून नाक जरा वाऱ्यात धरायचं. हे मात्र हाताला आपोआप आलं, पण ते विमानाकडून नव्हे, बोटीकडून आलेलं.

फायनलवर सांब्र्यानं आपला खरा हिसका दाखवला. सरांनी आधी बजावलं होतं म्हणून, नाहीतर पंचाईत होती. इथली पट्टी ४५ मीटर रुंद, जेटसाठी बांधलेली. मी शिकलो ती अरुंद. डोळ्याला अरुंद पट्टीची सवय असली की रुंद पट्टी जवळ आल्यासारखी दिसते. आपण फार खाली आलो असं वाटतं आणि हात नाक उचलायला धावतो. प्रत्यक्षात चाकं अजून दोन माणसं उंच असतात. अशा उंचीवर वेग मेला की विमान उतरत नाही, पडतं. मी काटे बघितले: पासष्ट नॉट, उतार बरोबर. डोळे ओरडत होते, उचल, उचल. नजर पट्टीच्या पार दुसऱ्या टोकाला लावली, कडेचे दिवे दोन्ही बाजूंनी वर येऊन जवळजवळ खांद्याला लागले, तेव्हा उचललं. चाकं टेकली. मऊ नाही, पण टेकली. आणखी एक गंमत: उंचावरच्या विरळ हवेमुळे काट्यावर पासष्ट असतात तेव्हा विमान प्रत्यक्षात सत्तरच्या घरात पळत असतं. जमीन बाजूनं धुळ्यापेक्षा जोरात सरकते, आणि आपण फार वेगात आलो असं वाटून माणूस वेग आणखी कमी करायला जातो. म्हणजे डोळे दोन वेळा फसवतात, दोन्ही वेळा एकाच खड्ड्याकडे.

"टच अँड गो," सर म्हणाले, आणि पुन्हा वर.

पुढचे दिवस असेच. कधी वर, कधी जमिनीवर बसून वाऱ्याची वाट बघत. सकाळी वारा पूर्वेचा असला तर पट्टी ०८, सगळा चौकोन उलटा, कालच्या खुणा पाठीमागं. दुपारी पश्चिमेचा जोर धरला की शिकाऊंना सुट्टी. वाऱ्याबद्दल मला उपजत आदर आहे, कारण मी देवगडच्या पवनचक्क्या बघत मोठा झालो. ऐंशीच्या दशकात देशात पवनऊर्जेचे पहिले प्रयोग झाले त्यांत देवगडचा सडा होता. वारा मोजणाऱ्यांनी उगाच नाही ती जागा निवडली. तोच पश्चिमेचा वारा सह्याद्री चढून सांब्र्याला येतो तेव्हा घाटानं त्याला पिळून सोडलेलं असतं. समुद्रावर तो एकसंध वाहतो, इथं तो तुकड्यातुकड्यांनी येतो. विंडसॉक मिनिटभर ताठ, मग अर्ध्यात लोंबलेला.

अशा बसल्या वेळी सरांच्या गोष्टी चालायच्या. त्यांची आवडती अ‍ॅस्पी इंजिनियरची. साल १९३०. आगाखानांनी बक्षीस लावलं होतं, इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यामध्ये कुठल्याही दिशेनं एकट्यानं विमान नेणाऱ्या पहिल्या हिंदी माणसाला पाचशे पौंड. जे. आर. डी. कराचीहून निघाले, सतरा वर्षांचा अ‍ॅस्पी इंग्लंडकडून. इजिप्तमधल्या अबूकिरच्या तळावर दोघांची गाठ पडली. अ‍ॅस्पी स्पार्क प्लगवाचून अडकलेला. जे. आर. डीं.नी आपल्याकडचे जादा प्लग त्याला दिले, आणि शर्यत अ‍ॅस्पी काही तासांनी जिंकला. पुढे तो हवाई दलाचा प्रमुख झाला. सगळे ही गोष्ट टाटांच्या मोठेपणाची म्हणून सांगतात. सर ती अ‍ॅस्पीच्या बाजूनं सांगायचे: परक्या पट्टीवर उतरल्यावर लाजायचं नाही, काय पाहिजे ते तोंड उघडून मागायचं. त्यानंतर मी टॉवरला एकदा सरळ सांगितलं की इथं नवा आहे, सूचना सावकाश द्या. पलीकडच्या बाईंनी ती सावकाश दिली. एवढ्यासाठी मी दोन दिवस तोंडपाठ वाक्यं घोकत बसलो होतो.

मग एका सकाळी सर उजव्या दारातून उतरले, पट्टा बांधून ठेवला आणि दार लावून घेतलं. एकट्याचं उड्डाण धुळ्यात झालेलं असल्यानं यावर फार लिहावं असं नाही. विमान हलकं झालं, लवकर उचललं, एवढं जाणवलं. बेसला कोनावर वळलो. काकूंनी संध्याकाळी विचारलं, "एकटंच? बरं झालं की," आणि ताटात भाकरी वाढली.

खरी मजा त्यानंतर, लांबच्या फेरीची आखणी सुरू झाली तेव्हा. नकाशावर पट्टी ठेवायची म्हटलं की मी माझ्या कामावर परत येतो. सरावासाठी तीन बिंदू घेतले: बेळगाव, कोल्हापूर, चिपी. बेळगाव ते कोल्हापूर बावन्न सागरी मैलांच्या आसपास, कोल्हापूर ते चिपी साठाला किंचित कमी, चिपी ते बेळगाव साठाला किंचित जास्त. बेरीज पावणेदोनशेच्या जवळ. दीडशेची अट आरामात भागते. परवानग्या मिळतील तेव्हा मिळतील, गोव्याच्या नौदलाचं आकाशही शेजारीच आहे, पण आखायला कुणाची ना नाही. कोल्हापूर-चिपी रेघ ओढली तर ती बरोबर राधानगरीच्या धरणावरून गेली. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या त्या पाण्यापेक्षा चांगली खूण कुठली मिळणार. पुढं रेघ फोंडा घाटाच्या दक्षिणेनं सह्याद्री ओलांडते आणि एकदम दोन हजार फूट खाली कोकण.

सरांनी पेन्सिलीचं टोक बरोबर तिथं ठेवलं. "इथं इंजिन बंद पडलं. कुठं उतरणार?"

घाटमाथ्यावर जंगल, पायथ्याला दऱ्या, ओहोळ आणि माडांच्या राया. सर मूळचे देशावरचे. त्यांच्या डोळ्यांना कोकण म्हणजे हिरवा गोळा, सपाट जागाच नाही. त्यांना वाटलं मी अडकलो.

"सड्यावर," मी म्हटलं.

मग मी त्यांना सडा समजावला. कोकणात सपाटी खाली नसते, वर असते. डोंगर चढून गेलं की माथ्यावर जांभ्याचा उघडा कातळ, मैल-मैल पसरलेला, मार्चमध्ये गवत वाळून पिवळं झालेलं, झाड औषधाला नाही. चिपीचा विमानतळ तरी कुठं आहे? सड्यावरच. कातळ टणक आहे, चाक रुतणार नाही. वरून बघताना पिवळट-तपकिरी पट्टा दिसला की सडा समजायचा. सर कान देऊन ऐकत होते. पहिल्यांदाच त्या टेबलावर त्यांना ठाऊक नसलेलं मी काही सांगत होतो.

"अडथळे?"

"गडगे. दगडी कुंपणं. आणि चिरेखाणी." जांभा दगड काढून झाला की सरळ कापलेले चौकोनी खड्डे राहतात, माणूसभर, कधी दोन माणसं खोल. वरून ते सावली पडेपर्यंत दिसत नाहीत. दुपारच्या उन्हात तर नाहीच.

"म्हणजे कुठला सडा चांगला आणि कुठला खणलेला, हे नकाशावर नाही."

"नाही."

"मग कळणार कसं?"

दादाला फोन लावला. आंब्याच्या दिवसांत तो दिवसभर बोलत नाही, त्यामुळे रात्री नऊनंतर. तो ट्रक घेऊन कुडाळ, कसाल, कट्टा, सगळीकडे फिरलेला. चिरे कुठून आणायचे आणि कुठले ठिसूळ निघतात हे त्याला पाठ. नकाशा पुढ्यात घेऊन मी विचारत गेलो, तो सांगत गेला. ह्यो सडो खणून खाल्लो, थंय जाव नुको. त्येच्या पलीकडचो बरो आसा, पण मदी लाइटीची तार इली हा. तिसऱ्यार कोणीतरी मुंबयवाल्यान काजी लावल्यान, कुंपण घातल्यान. मी पेन्सिलीनं फुल्या आणि गोल करत होतो. शेजारी आई विचारत असल्याचं ऐकू येत होतं, हा एवढी जमीन कोणाची विचारतोय, घेतोय की काय.

सगळं सांगून झाल्यावर दादानं विचारलं की हे कशासाठी. मी खरं ते सांगितलं. पलीकडे थोडा वेळ पेट्या ठोकल्याचा आवाज आला.

"उतर खंय होया थंय," दादा म्हणाला. "फकत आमच्या कलमांनी नुको. निम्मो आंबो अजून झाडार आसा."